खालेदच्या अंगात ‘मैदान’ किती?

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला की मुंबईत बसलेल्या आमच्यासारख्यांच्या मोबाइलवरही घोड्यांचे व्हिडिओ येऊ लागतात. अमुक घोड्याला कोटीची बोली लागली, तमुक घोडा ‘शंभर टक्के शुद्ध अरबी रक्ताचा’, आणखी कुणाच्या वंशावळीत थेट डार्ले अरेबियन हा तीनशे वर्षांपूर्वीचा नामांकित घोडा. घोडे देखणे असतात, त्याबद्दल वादच नाही. पण ‘अमक्याचं रक्त’ म्हटलं की मला लगेच विचारावंसं वाटतं, अमक्याचं नेमकं किती आणि ते शरीरात कुठे आहे? वंशावळीचा कागद याचं अर्धंच उत्तर देतो. उरलेलं उत्तर पेशींच्या आत असतं आणि ते समजून घेण्यात फार मोठा आनंद आहे.

त्यासाठी एक खरी वंशावळ घेऊ. तिचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो.

१९व्या शतकात बसरा, कुवेत अशा ठिकाणांहून अरबी घोडे जहाजांनी मुंबई बंदरात उतरत. लष्करातले साहेब, संस्थानिक आणि शर्यतींचे शौकीन हे त्यांचं गिऱ्हाईक. १८७१ साली अब्दुल रहमान नावाच्या व्यापाऱ्याने इथे आणलेल्या घोड्यांत मध्य अरबस्तानातल्या नज्दमध्ये १८६९ला जन्मलेला एक तांबूस घोडा होता. त्याचं नाव मैदान. तो भारतात शर्यती धावला, लष्करी अधिकाऱ्याचं वाहन झाला, मग इंग्लंडला गेला आणि वय झाल्यावरही तिथे धावत राहिला. इंग्लंडमध्ये त्याला नाओमी नावाच्या अरबी घोडीपासून नाझ्ली ही मुलगी झाली. भारतातल्या शर्यती गाजवून तिकडे गेलेला दुसरा अरबी घोडा म्हणजे किस्मत. किस्मत आणि नाझ्ली यांचा मुलगा निम्र. पुढे निम्र आणि नाओमी अमेरिकेत पोचली आणि तिथे १८९५ साली त्यांच्यापासून खालेद हा घोडा जन्मला.

इथे जरा थांबून नाती जुळवून पाहा. नाओमी ही खालेदची आई. तीच नाझ्लीची आई, म्हणजे निम्रची आजी. त्यामुळे बापाच्या बाजूने नाओमी खालेदची पणजीही लागते. माणसांत ऐकवणार नाही असं हे नातं घोड्यांच्या पैदाशीत मुद्दाम जुळवलं जातं, कारण आवडत्या घोडीचे गुण ‘पक्के’ करायचे असतात.

आता हिशेब. प्रत्येक पिल्लाला आईकडून निम्मा आणि बापाकडून निम्मा डीएनए मिळतो. आज्याचा वाटा सरासरी पाव, पणज्याचा आठवा हिस्सा. खालेदमध्ये नाओमीचे आई म्हणून ५० टक्के आणि पणजी म्हणून १२.५ टक्के, मिळून ६२.५ टक्के. आजा किस्मत याचे २५ टक्के. पणजा मैदान याचे १२.५ टक्के. बेरीज बरोबर १००. पणजा-पणजीच्या पिढीत आठ वेगवेगळे जीव असायला हवेत. इथे अख्खा घोडा तीन जनावरांतून उभा राहिला आहे.

पण मैदानचे साडेबारा टक्के हा फक्त सरासरीचा आकडा आहे. घोड्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३२ जोड्या असतात. शुक्रपेशी किंवा अंडपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतली दोन गुणसूत्रं शेजारी येतात, एखाददोन ठिकाणी तुटतात आणि तुटलेले भाग एकमेकांशी बदलून पुन्हा जोडले जातात. कारशेडमध्ये बारा डब्यांच्या दोन लोकल शेजारी उभ्या करून दोन्हींना पाचव्या डब्यामागे सोडवलं आणि पहिलीचे पुढचे पाच डबे दुसरीच्या मागच्या सातांना जोडले, तर जे होईल तेच इथे होतं. डबे सुटे होऊन विखुरत नाहीत, सलग तुकडाच्या तुकडा सरकतो. नाझ्लीने निम्रला दिलेलं प्रत्येक गुणसूत्र असं मैदान आणि नाओमी यांच्या लांब तुकड्यांचं बनलेलं होतं. निम्रने खालेदला देताना त्यात किस्मतचे तुकडे घातले आणि मैदानचे काही वगळले. कुठला तुकडा राहिला आणि कुठला गेला, ते दैवावर. तुकडे मोठे आणि संख्येने थोडे असल्यामुळे मैदानचा खरा वाटा दहा टक्केही असू शकेल, पंधराही. पिढ्या वाढत जातात तसा सरासरीच्या मानाने हा फरक वाढतो आणि दहा-पंधरा पिढ्यांमागच्या एखाद्या पूर्वजाचा एकही तुकडा वंशजात उरलेला नसतो. कागदावर नाव असतं, शरीरात काहीच नसतं. ‘सोळा पिढ्यांपूर्वीच्या अमक्याचा गुण उतरला’ असं कुणी सांगितलं की मला ही गोष्ट आठवते.

मैदानच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. नर पिल्लाला वाय गुणसूत्र बापाकडून मिळतं आणि एक्स आईकडून. खालेदचं वाय निम्रचं, म्हणजे किस्मतचं. त्याचं एक्स पूर्णपणे नाओमीचं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा स्वतंत्र डीएनए फक्त आईकडून येतो, तोही नाओमीचा. तेव्हा मैदानचं जे काही खालेदमध्ये आहे ते उरलेल्या ३१ जोड्यांतच शोधावं लागेल. बाप-आजा-पणजा अशी सरळ नरओळ दाखवून घोडा विकणारे खरं तर वाय गुणसूत्राबद्दल बोलत असतात आणि वायवर जनुकं अगदी थोडी असतात.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या भागाकडे येतो. अमेरिकन शास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी १९२२ साली अंतःप्रजननाचा, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा, गुणांक मोजायची पद्धत मांडली. तिचा प्रश्न एवढाच: खालेदच्या एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती नाओमीच्या एकाच प्रतीच्या नकला असण्याची शक्यता किती? नाओमीने आई म्हणून त्याला आपल्या दोनपैकी एक प्रत दिली, तिला ‘क’ म्हणू. आता बापाकडूनही ‘क’ यायची असेल तर तीन गोष्टी घडायला हव्यात. नाओमीने नाझ्लीलाही ‘क’च दिलेली हवी, याची शक्यता एक द्वितीयांश. नाझ्लीने निम्रला मैदानची प्रत न देता नाओमीची दिलेली हवी, पुन्हा एक द्वितीयांश. निम्रने खालेदला किस्मतची न देता नाझ्लीची दिलेली हवी, पुन्हा एक द्वितीयांश. तिन्हींचा गुणाकार एक अष्टमांश, म्हणजे १२.५ टक्के. सावत्र भावंडांच्या पिल्लाचा गुणांकही एवढाच येतो, सख्ख्या भावंडांच्या पिल्लाचा २५ टक्के. वंशावळ लांबलचक असेल तर समान पूर्वजापर्यंतची प्रत्येक वाट शोधायची, त्या वाटेवरच्या प्रत्येक जनावरामागे (बाप, आई आणि समान पूर्वज धरून, पिल्लू सोडून) एकदा निम्म्याने गुणायचं आणि सगळ्या वाटांची बेरीज करायची. समान पूर्वज स्वतःच अंतःप्रजननातून आलेला असेल तर त्याच्या वाटेचा आकडा (१ + त्याचा गुणांक) याने आणखी गुणायचा. कागद-पेन्सिल घेऊन एकदा करून पाहा, हात बसतो.

या गुणांकाला एवढं महत्त्व का, हे एका रोगावरून कळतं. अरबी घोड्यांत ‘सिड’ नावाचा आनुवंशिक रोग आहे. एका जनुकातली डीएनएची पाच अक्षरं गळालेली असतात. हा बिघाड १९९७मध्ये सापडला. त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर शिंगराच्या शरीरात जंतूंशी लढणाऱ्या बी आणि टी पेशी तयारच होत नाहीत. जन्मतः शिंगरू धडधाकट दिसतं, कारण आईच्या चिकातून आलेली प्रतिद्रव्यं काही आठवडे पुरतात. ती संपली की न्यूमोनिया, जुलाब, एकामागून एक संसर्ग, आणि बहुतेक शिंगरं पाच महिन्यांच्या आत जातात. एकच प्रत बिघडलेली असेल तर घोडा आयुष्यभर ठणठणीत राहतो, शर्यती धावतो, प्रदर्शनं जिंकतो. अमेरिकेतल्या एका पाहणीत असे वाहक आठ टक्क्यांच्या आसपास निघाले होते. आता समजा (निव्वळ उदाहरणादाखल) नाओमीसारख्या एखाद्या घोडीत अशी एक प्रत आहे आणि बाकीचे सगळे निर्दोष आहेत. खालेदसारख्या जोडणीत रोगी शिंगरू होण्याची शक्यता १६त १. निर्दोष परक्या घोड्याशी जोडली असती तर शून्य. गुण ‘पक्के’ करणारी रीत दोषही पक्के करते, ती त्यांच्यात निवड करत नाही.

रक्ताबद्दलच्या समजुतींनी भल्याभल्यांना फसवलं आहे. लॉर्ड मॉर्टन यांनी १८२०च्या सुमारास रॉयल सोसायटीला कळवलं की त्यांच्या बहुतांशी अरबी घोडीला आधी क्वागा या झेब्र्यासारख्या प्राण्यापासून पिल्लू झालं, नंतर काळ्या अरबी घोड्यापासून झालेल्या शिंगरांच्या अंगावरही पट्टे आले. पहिल्या नराचा अंश घोडीत कायमचा राहतो, असा त्यावरून निष्कर्ष निघाला आणि खुद्द डार्विन यांनीही तो मानला. पुढे १८९०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये कॉसार युअर्ट यांनी झेब्रा आणि घोड्यांवर प्रयोग करून पाहिले, त्यात असं काहीच आढळलं नाही. पायांवरचे फिकट पट्टे साध्या घोड्यांतही अधूनमधून दिसतात. तरीही ‘एकदा हलक्या घोड्याला दिलेली घोडी बाटली’ हे वाक्य आजही कानावर येतं. मानेवरचा ‘देवमण’ नावाचा भोवरा, कपाळावरचे भोवरे, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं असा) रंग यांवर लाखभर रुपये वर देणारेही आहेत. भोवरा म्हणजे केसांच्या वाढीची दिशा. त्याने मालकाचं नशीब ठरत नाही. भोवरा बघून घोडा घेणाऱ्याने तेवढ्याच काळजीने त्याची डीएनए तपासणी मागावी, असं मला फार मनापासून वाटतं.

अरबांची स्वतःची परंपरा मायओळीने चालते. कुहैलान, सकलावी, अबय्यान, हमदानी, हदबान ही कुळं शिंगराला आईकडून मिळतात. अ‍ॅन बाउलिंग आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये अमेरिकेतल्या ६२ अरबी घोड्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला. हे घोडे आईच्या ओळीने कागदावर ३४ मूळ माद्यांपर्यंत जात होते. डीएनएचे २७ प्रकार निघाले आणि एकाच कुळाच्या म्हणवणाऱ्या ओळींत वेगवेगळे प्रकार आढळले. डार्ले अरेबियनचंही तसंच. १७०४ साली सीरियातल्या अलेप्पोहून इंग्लंडला गेलेल्या या घोड्याच्या नरओळीत आजचे बहुतेक सगळे थरोब्रेड, म्हणजे शर्यतींसाठी पैदास केलेल्या इंग्लिश जातीचे घोडे, मोडतात, महालक्ष्मीला धावतात तेसुद्धा. पण वाय गुणसूत्राच्या अलीकडच्या अभ्यासात ही ओळ अरबीपेक्षा तुर्कमेनी घोड्यांच्या जवळची दिसते. आणि २०२०च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात थरोब्रेडमध्ये अरबी घोड्याचा एकूण वाटा फारच थोडा आढळला. उलट शर्यतींसाठी वाढवलेल्या काही ‘शुद्ध’ अरबी घोड्यांतच थरोब्रेडचा अंश निघाला.

कागद खोटा आहे का, हे कधीकधी नुसत्या रंगावरूनही कळतं. वयाबरोबर पांढरा होत जाणारा राखाडी घोडा एका प्रभावी जनुकामुळे तसा होतो, म्हणून त्याचा बाप किंवा आई राखाडी असायलाच हवी. दोन तांबूस घोड्यांना काळं शिंगरू होत नाही. याहून खात्रीची परीक्षा आयाळीचे मुळांसकट उपटलेले काही केस प्रयोगशाळेत पाठवून होते. आई-बाप खरे आहेत का ते त्यातून कळतं आणि सिडची प्रत आहे का तेही. वाहक निघाला म्हणून घोडा पैदाशीतून काढून टाकायचं कारण नाही. तसं केलं तर त्याच्यातली चांगली जनुकंही जातात आणि उरलेल्या घोड्यांचं नातं आणखी जवळचं होतं. त्याला फक्त निर्दोष निघालेल्या घोडीशीच जोडायचं. मग या रोगाने एकही शिंगरू मरत नाही, सरासरी निम्मी शिंगरं वाहक होतात, आणि ती पैदाशीच्या वयात येण्याआधी त्यांचेही केस तपासायला पाठवावे लागतात.