डोळ्याच्या डॉक्टरांनी शोधलेली केस काढायची सुई

माझ्या मावशीच्या हनुवटीवर दहा-बारा राठ केस होते, अलीकडं सगळे पांढरे झालेले. वर्षानुवर्षं सकाळी खिडकीपाशी आरसा धरून चिमट्यानं उपटत बसायची. गेल्या वर्षी एका ठिकाणी तिच्या गळ्यात लेझरचं पॅकेज मारलं, सहा सिटिंग झाल्या आणि एक केस कमी झाला नाही. कसा होणार, लेझर केसातला काळा रंग पकडतो आणि पांढऱ्या केसात तो रंगच नसतो, पण पैसे घेताना हे कुणी सांगितलं नाही. मला अजून राग येतो त्याचा. मग कोल्हापुरात राजारामपुरीत एका स्किनच्या डॉक्टरांकडं नेलं, त्या बघितल्या बघितल्या म्हणाल्या, काकू तुम्हाला इलेक्ट्रोलिसिसच करावं लागेल, म्हणजे एकेका केसाच्या मुळाशी सुई घालून करंट सोडायचा. तेव्हापासून मी या सुईचा इतिहास वाचतेय.

याची सुरुवात पार्लरमध्ये झालेलीच नाही. अमेरिकेत सेंट लुईस शहरात चार्ल्स मिशेल नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. काही जणांच्या पापणीचे केस आतल्या बाजूला वळतात आणि डोळा मिटला-उघडला की बुबुळावर घासतात, उपटले तरी परत येतात, आणि असंच चालू राहिलं तर नजरसुद्धा जाऊ शकते. मिशेलनी केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून तिच्यातून बॅटरीचा करंट सोडला, आणि तो केस पुन्हा आला नाही. १८७५ मध्ये त्यांनी हे छापलं. पुढं थोड्याच वर्षांत तिथलेच त्वचेचे डॉक्टर विल्यम हार्डअवे यांनी तीच सुई बायकांच्या चेहऱ्यावरच्या केसांसाठी वापरली.

लोकांना वाटतं मूळ जळतं, पण या मूळच्या पद्धतीत जाळणं नाहीच. शाळेत मिठाच्या पाण्यात बॅटरीच्या वायरी सोडून बुडबुडे बघितलेत ना, तेच इथं कातडीच्या आत होतं. अंगातलं मीठ आणि पाणी, त्यात करंट, की सुईपाशी कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो मूळ विरघळवतो. सुई निगेटिव्हच पाहिजे, उलटी जोडली तर सुईचं लोखंड कातडीत उतरून गोंदल्यासारखा काळा डाग राहू शकतो. दुसरी बाजू पेशंटच्या हातात असते, मावशीच्या मुठीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली कांडी दिली होती. मी भिंगातून बघत होते, केसाच्या तोंडाशी बारीक पांढरा फेस आला, तो हायड्रोजन, आणि मग डॉक्टरांनी चिमट्यात नुसता धरला तर केस सुळकन बाहेर, ओढावा लागलाच नाही.

अडचण एकच, लई वेळखाऊ. एकेका केसाला मिनिट-दोन मिनिटं. म्हणून १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॉल क्री यांनी एका वेळी अनेक सुया लावायचं मशीन काढलं. १९२० च्या दशकात फ्रान्समधल्या लिऑनच्या डॉ. हेन्री बॉर्डिए यांनी हाय फ्रिक्वेन्सी करंट वापरला, ते थर्मोलिसिस, त्यात मात्र उष्णतेनंच मूळ मरतं, आणि काम सेकंदात होतं. पुढं आर्थर हिंकल आणि हेन्री सेंट पिएर यांनी दोन्ही करंट एकाच सुईत आणले, १९४८ मध्ये पेटंट मिळालं, त्यालाच ब्लेंड म्हणतात. मावशीला तेच चालू आहे.

मधल्या काळात बायकांनी घाई केली म्हणावं तर तसंही नाही, त्यांना घाई विकली गेली. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या सलूनमध्ये चक्क एक्स-रेनं केस काढायचे. दुखत नाही, पटकन होतं. केस गेले, पण पुढं कातडी सुरकुतली, जखमा झाल्या, कित्येकींना कॅन्सर झाला. हे वाचताना पोटात खड्डा पडला.

लेझर १९९० च्या दशकात आलं. काळ्या, जाड केसांना ते चांगलंच आहे, मोठा भाग पटकन होतो. पण औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी अमेरिकेची सरकारी संस्था एफडीए आजही लेझरला केस कायमचे ‘कमी करणं’ म्हणते, आणि कायमचे ‘काढणं’ हे शब्द इलेक्ट्रोलिसिससाठी वापरते. ते एका सिटिंगमध्ये मात्र होत नाही, कारण सगळे केस एकाच वेळी वाढीला नसतात, झोपलेला केस नंतर उगवतो. मावशीच्या तीन सिटिंग झाल्यात, चार-पाच केस उरलेत, आणि खिडकीतला आरसा तिनं परवा मला देऊन टाकला.