हायस्कूल डिप्लोमा (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नववी ते बारावी ही चार वर्षे पूर्ण करणाऱ्यास मिळणारे शालान्त प्रमाणपत्र. मराठीत डिप्लोमा म्हटले की तंत्रनिकेतन आठवते. तो अर्थ येथे नाही. देशभरासाठी एकच शालान्त परीक्षाही तेथे नाही. किती विषय घ्यायचे, परीक्षा हवी की नको, हे प्रत्येक राज्य ठरवते आणि स्थानिक शाळा-जिल्हे (आपल्या भागातील सार्वजनिक शाळा चालवणारी मंडळे) त्यात आपली भर घालतात. त्यामुळे हा डिप्लोमा मिळवणारा नेमका कशासाठी तयार झाला, या प्रश्नाला तेथे कधीच एक उत्तर नव्हते.

पहिले सार्वजनिक हायस्कूल १८२१ मध्ये बॉस्टनला निघाले. ते फक्त मुलग्यांसाठी होते, आणि तेही कॉलेजात न जाता व्यापार-उदिमात शिरणाऱ्या मुलग्यांसाठी. ‘कॉलेज की काम’ हा वाद म्हणजे या संस्थेइतकाच जुना आहे. स्थानिक करांच्या पैशातून हायस्कूल चालवता येते का, यावर मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७४ च्या कॅलमाझू खटल्यात शाळेच्या बाजूने निकाल दिला. १९१० मध्ये अठरा वर्षांच्या तरुणांपैकी जेमतेम ९ टक्क्यांकडे डिप्लोमा होता. १९४० पर्यंत ते प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले. या वाढीत दक्षिणेतील कृष्णवर्णीय मुले फार मागे राहिली. त्यांच्या वेगळ्या शाळांना पैसा तुटपुंजा मिळे. वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरले ते १९५४ मध्ये.

डिप्लोमाचे माप ‘क्रेडिट’मध्ये, म्हणजे एकेक विषय पूर्ण केल्याबद्दल खात्यावर जमा होणाऱ्या एककांत होते, आणि या मापाची जन्मकथा मासलेवाईक आहे. कार्नेगी प्रतिष्ठानाने विसाव्या शतकाच्या आरंभी कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी निवृत्तिवेतन योजना काढली. तिचा लाभ हवा असेल तर कॉलेजने प्रवेशासाठी हायस्कूलचे चौदा ‘युनिट’ मागावेत, अशी अट होती. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरात सुमारे १२० तास. कॉलेजांनी अट मान्य केली, शाळांनी तिच्यानुसार वेळापत्रके बांधली. प्राध्यापकांच्या पेन्शनीपायी शाळकरी मुलांचे शिक्षण तासांत मोजले जाऊ लागले. विद्यार्थी काय शिकला यापेक्षा वर्गात किती वेळ बसला हे मोजणे सोपे असते. हे माप शंभरावर वर्षे टिकले, त्यामागे ही सोय आहे.

काय शिकवावे यावर मात्र लंबक हलत राहिला. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखालील दहा जणांच्या समितीने १८९३ मध्ये सांगितले की, कॉलेजात जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या मुलांना एखादा विषय शिकवायचा तर तो सारखाच शिकवावा. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती, कारागिरी आणि गृहशास्त्राच्या शिक्षणाला संघराज्याचा पैसा मिळाला. हातकामाच्या शिक्षणाला बळ मिळाले, पण ‘हुशार नसलेल्यांची तुकडी’ असा शिक्काही त्यावर बसला. १९८३ च्या ‘अ नेशन ॲट रिस्क’ या सरकारी अहवालाने पुन्हा उलट टोक गाठले: सर्वांना चार वर्षे इंग्रजी, तीन-तीन वर्षे गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे आणि अर्धे वर्ष संगणक.

उत्तीर्णांची मोजणी बराच काळ राज्यागणिक वेगळी होती. नववीत दाखल झालेल्या तुकडीपैकी चार वर्षांत किती जणांना डिप्लोमा मिळाला, हे समान सूत्र लागू झाल्यावर २०१०-११ साठी ७९ टक्के आणि २०१८-१९ साठी ८६ टक्के असे आकडे आले. ही प्रगती खरी आहे, पण पुरती नव्हे. २०१९ च्या राष्ट्रीय चाचणीत बारावीच्या ३७ टक्के विद्यार्थ्यांनी वाचनात आणि २४ टक्क्यांनी गणितात ‘प्रवीण’ पातळी गाठली. (ही पातळी मुद्दाम उंच ठेवलेली आहे, तिच्याखाली असणे म्हणजे नापास होणे नव्हे.) आकडा वाढवण्याचा दबाव काय करतो, हे राजधानी वॉशिंग्टनमध्ये दिसले. २०१७ मध्ये डिप्लोमा मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांच्या बाबतीत गैरहजेरीचे किंवा बुडालेले क्रेडिट भरून काढण्याचे नियम डावलले गेल्याचे चौकशीत आढळले.

पुढच्या आयुष्याची तयारी म्हणून आज दोन वाटा रूढ आहेत. पहिली, हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे क्रेडिट मिळवणे. दुसरी, व्यवसाय व तंत्रशिक्षण. त्याला पर्किन्स कायद्याखाली संघराज्याचा निधी मिळतो. ब्रुकलिनमध्ये २०११ साली निघालेल्या ‘पी-टेक’ शाळेने दोन्ही एकत्र आणल्या: नववीपासून सहा वर्षांत डिप्लोमा आणि दोन वर्षांची कॉलेज पदवी, सोबत आयबीएम कंपनीचे मार्गदर्शन. शिकागोने २०२० च्या तुकडीपासून, बारावीनंतर काय करणार याचा लेखी पुरावा डिप्लोमासाठी सक्तीचा केला. कॉलेजचा प्रवेश, नोकरी, उमेदवारी (ॲप्रेंटिसशिप) किंवा सैन्यभरती यांपैकी काहीही चालते. सल्लागारांची वानवा असलेल्या शाळेत असा नियम कागदपत्रांपुरताच उरण्याची शक्यता असते.

शालान्त चाचणीची सक्ती मात्र ओसरत चालली आहे. एकेकाळी निम्म्याच्या आसपास राज्यांत ती होती. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये कौल देऊन ती काढून टाकली. चाचणी अजून होते, पण डिप्लोमा तिच्यावर अडत नाही.