पाच पाकळ्यांचं ते एक फूल नव्हेच

न लावता बागेत उगवलेल्या रोपाचा फोटो बहुतेक जण एकाच पद्धतीने काढतात. कॅमेरा वरून, थेट फुलाच्या तोंडावर. खाली प्रश्न: "पाच पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळं, हे कोणतं झाड?" मग कोणी त्याला डेझी म्हणतं, कोणी रानशेवंती. कोणीतरी छातीठोकपणे एखादी दुर्मीळ वनौषधी असल्याचंही सांगून टाकतं. मोबाइलमधलं अ‍ॅप तर टक्केवारीसकट नाव देऊन मोकळं होतं.

या सगळ्यांची गाडी अडते ती प्रश्नातच. मोजलेल्या त्या पाच पाकळ्या पाकळ्या नाहीत आणि ते फूलही एक नाही.

असं एक 'फूल' देठासकट तोडा, ब्लेडने उभं मधोमध चिरा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. पिवळा भाग म्हणजे दाटीवाटीने उभ्या असलेल्या बारीक नळ्या आहेत, हे लगेच दिसेल. त्यातली प्रत्येक नळी हे एक स्वतंत्र, पूर्ण फूल. तिच्या तोंडाशी पाच चिमुकली टोकं असतात. खऱ्या पाकळ्या त्या, एकमेकींना जुळलेल्या. कडेला पसरलेली प्रत्येक पांढरी 'पाकळी' हेही एक आख्खं फूल, फक्त त्याची नळी एका बाजूला जिभेसारखी वाढलेली. या सगळ्या गर्दीला वनस्पतिशास्त्रात स्तबक म्हणतात. मधली ती बिंबपुष्पकं, कडेची ती किरणपुष्पकं. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, झिनिया यांच्या कुळाची ही खूण. सपुष्प वनस्पतींच्या दर दहा जातींपैकी जवळपास एक या कुळातली आहे, त्यामुळे बागेत आलेला पाहुणा याच घरचा निघण्याची शक्यता भरपूर.

पण स्तबक दिसलं म्हणजे कुळ ठरलं, असं नाही. इतरही काही कुळांत फुलं अशी दाटीने येतात. खात्री करायची तर एका बिंबपुष्पकाच्या आत डोकवावं लागतं. आणि तिथे जे चालतं ते माझ्या मते आख्ख्या वनस्पतिशास्त्रातल्या सर्वांत देखण्या यंत्रणांपैकी एक आहे.

नळीच्या आत पाच पुंकेसर, म्हणजे फुलाचे नर अवयव, असतात. त्यांचे तंतू, म्हणजे दांडे, सुटे, पण वरचे परागकोश (परागांच्या पिशव्या) कडेने एकमेकांना चिकटून त्यांची एक बारीकशी नळीच तयार झालेली असते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७३५ साली वनस्पतींची मांडणी केली ती मुख्यतः पुंकेसरांवरून. २४ वर्ग पाडले, त्यातला १९वा या जुळलेल्या परागकोशांच्या फुलांसाठी. त्याची ती मांडणी पुढे मोडीत निघाली, तरी ही खूण टिकली.

हे परागकोश बाहेरच्या बाजूने न फुटता आतल्या बाजूने फुटतात. म्हणजे सगळे पराग त्या नळीच्या पोकळीत साठतात. त्या वेळी कुक्षीवृंत, म्हणजे फुलाच्या मादी भागाचा दांडा, तळाशी आखूड असतो आणि त्याच्या टोकाच्या दोन शाखा मिटून एकमेकींना चिकटलेल्या असतात. मग कुक्षीवृंत वाढू लागतो आणि सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारखा पराग वर ढकलत नेतो. टोकाजवळच्या बारीक केसांमुळे आतली भिंत झाडून निघते. परागांचा पिवळा ढीग नळीच्या तोंडाशी येतो आणि बसलेल्या किड्याच्या पोटाला, पायांना लागतो.

इथवर कुक्षीने, म्हणजे कुक्षीवृंताच्या पराग घेणाऱ्या टोकाने, स्वतः काहीच घेतलेलं नसतं, कारण पराग धरणारा तिचा पृष्ठभाग मिटलेल्या शाखांच्या आतल्या अंगाला असतो. पराग बाहेर पडून गेले, की शाखा उलगडतात आणि आता तेच फूल दुसऱ्याचे पराग स्वीकारायला तयार होतं. आधी नर, मग मादी. स्तबकातली फुलं कडेकडून मध्याकडे उमलत जातात, म्हणून एकाच स्तबकात बाहेरच्या वर्तुळात मादी अवस्थेतली, त्याच्या आत नर अवस्थेतली आणि केंद्रात अजून कळ्याच, असा मामला असतो. किडा आलाच नाही तर? काही जातींत शाखा इतक्या मागे वळतात, की आपल्याच उरलेल्या परागांना जाऊन टेकतात. परका नाही तर घरचा! सेंटॉरिया या प्रजातीत तर पुंकेसरांचे तंतू स्पर्श होताच आक्रसतात, परागकोशांची नळी खाली ओढली जाते आणि पराग किड्याच्या अंगावर सांडतात.

भिंगाखाली तो दुभंगलेला कुक्षीवृंत परागकोशांच्या नळीतून वर आलेला दिसला, की कुळ पक्कं.

आता जाती. पांढरी पाच, मध्ये पिवळं, हे वर्णन निदान तीन सामान्य तणांना लागू पडतं: एकदांडी, गॅलिन्सोगा आणि बायडेन्स. अ‍ॅप इथेच चकतं, आणि दोष एकट्या अ‍ॅपचा नाही. ते प्रतिमेतल्या आकृत्या स्वतःच्या साठ्यातल्या फोटोंशी ताडून सर्वांत जवळचं नाव देतं. ठरवायला लागणारी खूण तुमच्या फोटोत नसेल, तर ती त्याला कुठून मिळणार? म्हणून फोटो वरून काढलात तसा बाजूनेही काढा. स्तबकाखालची हिरवी, पानासारखी छदं, पानं खोडावर समोरासमोर आहेत की एकाआड एक, आणि पानाची खालची बाजू, हे सगळं दिसू द्या.

तरीही शेवटचा निकाल फळाकडे असतो. या कुळात फुलाचा निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांबाहेरचं एरवी हिरवं असणारं वेष्टन, हिरवा राहत नाही. अंडाशयाच्या डोक्यावर त्याचे केस, काटे किंवा खवले होतात. एकदांडीत तो पिसांसारख्या केसांचा झुबका असतो, त्यावर फळ वाऱ्याने तरंगतं. बायडेन्सचं फळ काळं, लांबट. टोकाला दोन-तीन ताठ काटे आणि त्यांवर उलटे दाते. बागेतून चालून आल्यावर कपड्यांना चिकटलेलं असतं ते हेच. गॅलिन्सोगाच्या फळावर झालरीसारखे खवले. फुलं दुरून सारखी, फळं मात्र अशी वेगळी. 'आपोआप' उगवलेल्या रोपामागेही हेच फळ असतं: वाऱ्याने आलेलं, तुमच्या पायजम्याला चिकटून आलेलं किंवा खताच्या मातीतून आलेलं. त्यात शुभशकुन शोधणाऱ्यांना माझा विरोध नाही, फक्त तो शकुन उकळून पिऊ नका. याच कुळातल्या सेनेसिओसारख्या वनस्पतींत यकृत निकामी करणारी अल्कलॉइड्स असतात.

चौथा उमेदवार मुद्दाम वेगळा ठेवला आहे. गाजर गवत. त्याचं स्तबक जेमतेम ३ ते ५ मिलिमीटरचं आणि मधला भागही पांढुरकाच, पण कडेला किरणपुष्पकं पाच. पानं गाजरासारखी चिरलेली असल्यामुळे पानांवरून जाणारा माणूस भलत्याच कुळात शोधत बसतो. याचं बी फक्त त्या कडेच्या पाच फुलांना धरतं. मधली सगळी नर. नर फुलाला खरं तर कुक्षीवृंताचं कामच नाही, तरी तो आहे: दोन शाखांत न दुभंगणारा, पराग न स्वीकारणारा. मादीपण गेलं, दट्ट्या तेवढा राहिला, कारण त्याच्याशिवाय नळीतले पराग बाहेर कोण ढकलणार?

एका स्तबकाला पाचच बिया, पण एका झाडावर स्तबकंच इतकी, की बियांचा हिशोब हजारांत जातो. त्यामुळे बाकीच्या तिघांसाठी फळ धरेपर्यंत खुशाल थांबा, गाजर गवताचा संशय असेल तर थांबू नका. त्यातल्या पार्थेनिन या रसायनाने त्वचेला खाज आणि पुरळ येतं, म्हणून हातमोजे घाला, परागांची अ‍ॅलर्जी असेल तर नाकाला रुमाल बांधा. फुलं आलेली असतील तर तुरे आधी पिशवीत कापून घ्या, मग रोप मुळासकट ओढा.