पाइपच्या आतला मायक्रोअँपिअर

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोलापूरच्या डाइंग युनिटात बॉयलरच्या फीड लाइनला, म्हणजे बॉयलरला पाणी पोचवणाऱ्या पाइपला, भोक पडलं. भोक म्हणजे सुईच्या टोकाएवढं, त्यातून केसाएवढी धार उडत होती आणि समोरच्या भिंतीवर ओला पट्टा उमटला होता, त्याच्यामुळंच कळलं. फिटरनं तेवढा तुकडा कापून काढला, उभा चिरला, आत बघतोय तर बाकीची भिंत चांगली जाडजूड, ४ मिलिमीटरला किंचित कमी, आणि मध्येच एक तपकिरी फोड. स्क्रूड्रायव्हरनं फोड खरवडला तर खाली काळा चिखल आणि चिखलाखाली वाटीसारखा खड्डा, थेट आरपार. पाइप टाकून जेमतेम साडेतीन वर्षं झाली होती.

मनाला लागलं ते हे की आम्ही तपासत होतो. त्याच लाइनमध्ये कूपन टांगलेलं होतं. कूपन म्हणजे पाइपच्याच जातीच्या लोखंडाची पट्टी, ३ इंच लांब, अर्धा इंच रुंद, आधी नीट वजन करायचं, मग लाइनमध्ये अडकवायची, ९० दिवसांनी काढायची, चढलेला गंज औषध घातलेल्या ॲसिडनं धुवायचा (औषध अशासाठी की ॲसिडनं गंजच खावा, चांगलं लोखंड खाऊ नये), वाळवून परत वजन. जेवढं घटलं तेवढं पाण्यानं खाल्लं. आमच्या पट्टीचं २५० मिलिग्रॅम घटलं होतं, हिशोब केला तर वर्षाला साधारण ०.०६ मिलिमीटर, म्हणजे हा पाइप साठ-पासष्ट वर्षं जायला पाहिजे. कूपननं खरंच सांगितलं होतं, फक्त सरासरी सांगितली होती, अख्ख्या पट्टीची आणि अख्ख्या ९० दिवसांची, आणि त्या खड्ड्याला सरासरीशी काही देणंघेणं नव्हतं.

सोलापुरात गंज म्हटलं की लोकांना कोकण आठवतं, मुंबई आठवते. आपली हवा कोरडी, गेटला, गजाला गंज चढायला वेळ लागतो हे खरंय. पण पाइपच्या आत सोलापूर आणि रत्नागिरी सारखंच, तिथं बारा महिने पाणी.

आता गंज चढतो म्हणजे नेमकं काय होतं, तर तिथं एक बॅटरी तयार होते. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर केंब्रिजच्या यु. आर. एव्हान्स यांचा थेंबाचा प्रयोग करा, शंभर वर्षांपूर्वीचा आहे, मी कॉलेजात केला होता आणि अजून विसरलो नाही. लोखंडाचा पत्रा घासून चकचकीत करायचा, त्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब, थेंबात आधीच दोन रसायनं मिसळलेली, पोटॅशियम फेरीसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीन. थोड्या वेळानं थेंबाचा मधला भाग निळा होतो आणि कडेनं गुलाबी गोल उमटतो. निळा म्हणजे तिथं लोखंड विरघळतंय. गुलाबी म्हणजे तिथं हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन पाणी अल्कली करतोय. कडेला ऑक्सिजन भरपूर पोचतो, मध्ये पोचत नाही, एवढ्याशा फरकावर एकाच पत्र्याची बॅटरीसारखी दोन टोकं झाली, मधलं टोक खाल्लं जाणार आणि कड सुरक्षित. आमच्या पाइपमधल्या फोडाखाली अगदी हेच चाललं होतं, फोडाच्या आत ऑक्सिजन नाही म्हणून तिथंच लोखंड विरघळत राहिलं.

बॅटरी आहे म्हटल्यावर करंट मोजता आला पाहिजे, आणि करंट मोजला की लोखंड किती गेलं ते फॅरेडेच्या नियमानं थेट निघतं. एक अँपिअर करंट वर्षभर वाहिला तर सुमारे ९ किलो लोखंड विरघळतं. आता आमच्या खड्ड्याचा हिशोब बघा. एक मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग, छोटा एलईडी दिवा २० मिलिअँपिअर घेतो, त्याच्या वीस हजारावा हिस्सा. हा एक मायक्रोअँपिअर १ चौरस सेंटिमीटरवर पसरला तर वर्षाला ०.०१ मिलिमीटरच्या आसपास जातं, कुणी काळजी करणार नाही. तोच १ चौरस मिलिमीटरवर गोळा झाला तर वर्षाला १ मिलिमीटरहून जास्त, आणि साडेतीन वर्षांत ४ मिलिमीटरची भिंत पार. हिशोब मांडला तेव्हा मी कापलेला तुकडा परत हातात घेऊन बघत बसलो होतो.

मोजायचं कसं हाच मोठा प्रश्न. लोखंडी खिळा आणि तांब्याची तार मिठाच्या पाण्यात बुडवा, मध्ये मल्टिमीटर लावा, करंट लगेच दिसतो, कारण धातू दोन आहेत आणि मध्ये मीटर घुसवायला जागा आहे. (दोन धातू एकमेकांना टेकले की काय होतं ते मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरानं २२ एप्रिल १९९२ ला भोगलं, जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा पाइप पेट्रोलच्या स्टीलच्या लाइनला लागून टाकला होता, गंजून भोक पडलं, पेट्रोल गटारांत उतरलं आणि स्फोटांत दोनशेहून जास्त माणसं गेली.) पण पाइपमध्ये दोन्ही टोकं एकाच लोखंडात, इलेक्ट्रॉन आतल्या आत इकडून तिकडे जातात, मीटर लावणार कुठं? गंज मोजायच्या यंत्रांमधली खरी बुद्धी या अडचणीतून वाट काढण्यात लागलीय.

पहिली मोठी वाट १९५७ साली मिल्टन स्टर्न आणि ए. एल. गिअरी यांनी दाखवली. करंट थेट दिसत नाही ना, मग धातूला थोडंसं ढकलून बघा. दाराची बिजागरी सैल आहे का हे बघायला आपण दार बोटानं हळूच लोटतो तसंच. पाण्यात बुडवलेल्या प्रोबला (मोजणीसाठी ठेवलेला त्याच धातूचा तुकडा) १० मिलिव्होल्ट इकडे, १० मिलिव्होल्ट तिकडे एवढाच धक्का द्यायचा आणि किती करंट येतो बघायचं. धातू जोरात गंजत असेल तर एवढ्याशा धक्क्यानं भरपूर करंट येतो, शांत असेल तर जवळपास काहीच नाही. याला लिनिअर पोलरायझेशन रेझिस्टन्स म्हणतात, इंडस्ट्रीत सगळे एलपीआर म्हणतात. ९० दिवसांचं काम काही मिनिटांत, आणि धातूला इजा नाही. कूलिंग टॉवरच्या पाण्यात असा प्रोब ठेवून त्याच्या आकड्यावर गंज रोखणाऱ्या केमिकलचा डोसिंग पंप चालवता येतो. फक्त पाण्यातून वीज वाहिली पाहिजे, तेलात किंवा गॅसमध्ये हा चालत नाही. तिथं दुसरा प्रोब लागतो, बारीक तार पातळ होत गेली की तिचा रेझिस्टन्स वाढतो एवढ्यावर चालणारा, साधा आणि दणकट, पण आकडा हलायला त्याला वेळ लागतो.

एलपीआर पण सरासरीच सांगतो मात्र. खड्डा पकडायला आणखी वेगळी युक्ती पाहिजे, आणि ती १९६८ मध्ये इव्हरसन यांनी नोंदवली. त्यात धक्का द्यायचाच नाही, नुसतं ऐकायचं. गंजणाऱ्या धातूचा व्होल्टेज कधी स्थिर नसतो, सारखा थरथरत असतो. एकसारखा गंज असेल तर थरथर बारीक आणि एकसारखी, खड्डा पडायला लागला की एकदम झटका बसतो आणि मग हळूहळू सावरतो. यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस शेडच्या दुसऱ्या टोकाला उभा असला तरी खटखटीतला फरक ऐकून सांगतो की कुठल्या मागाचा धागा तुटला, तसलंच हे कान देणं आहे, फक्त आवाजाच्या जागी मिलिव्होल्ट. अवघड आहे, त्याचा अर्थ लावायला अनुभव लागतो आणि शेजारच्या मोटारीचा गोंगाट पण त्यात मिसळतो.

मला सगळ्यात आवडलेला शोध त्यानंतरचा, अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये झालेला. एकाच धातूत मीटर घुसवता येत नाही ना, मग त्या धातूचे तुकडे करा. पाइपच्याच जातीच्या अनेक बारीक तारा घ्यायच्या, इपॉक्सीत शेजारीशेजारी पुरायच्या, फक्त टोकं पाण्याला लागतील अशा, आणि मागच्या बाजूनं बाहेर आणून सगळ्या जोडून टाकायच्या. पाण्याला वाटतं हा एकच धातूचा तुकडा आहे. पण जोडणी बाहेर असल्यामुळं प्रत्येक तारेतून किती करंट जातोय ते वेगळं मोजता येतं, आणि ज्या तारेतून सगळ्यात जास्त करंट निघतो ती म्हणजे खड्डा. एव्हान्सच्या थेंबातला निळा ठिपका इथं आकडा होऊन समोर येतो.

आपल्या जिल्ह्यात हे सगळं किती ठिकाणी उपयोगी पडेल याचा विचार करतो तेव्हा बरंच काही डोळ्यासमोर येतं. साखर कारखान्यांचा हंगाम काही महिन्यांचा, हंगाम संपला की ट्यूब आणि टाक्या आतून ओलसर, रसाचे डाग राहिलेल्या अशा पडून राहतात, आणि मशिनरी चालताना जेवढी खाल्ली जात नाही तेवढी कधी कधी बंद असताना खाल्ली जाते, मग अग्निप्रदीपनाच्या तोंडावर गळती सापडते. शहरातल्या पाण्याच्या लाइनचं पण तेच, काही दिवसांआड पाणी सोडायचं, मधले दिवस पाइप रिकामा, आतून ओला आणि हवेनं भरलेला, लोखंडाला याच्याहून वाईट काही नाही.

आम्ही शेवटी फीड लाइनला साधा एलपीआर प्रोब बसवला, तारांचा प्रोब बजेटच्या बाहेर होता. आठ दिवसांचा ग्राफ काढला तर सहा दिवस रेघ खाली सपाट, आणि सुट्टीनंतरच्या सकाळी उभा सुळका, काही तास टिकून परत खाली. सुट्टीत फीड टँक गार पडतो, २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, उकळत्या पाण्यात जवळपास काहीच नाही, आणि आम्ही दर आठवड्याला ते गार पाणी तसंच लाइनमध्ये ढकलत होतो. फोड तिथूनच सुरू झाले असणार असं मला वाटतं. पाण्यातला ऑक्सिजन संपवायला सोडियम सल्फाइट टाकतात, एक मिलिग्रॅम ऑक्सिजनला जवळपास ८ मिलिग्रॅम लागतं, ते पूर्वी बॉयलर पेटल्यावर पडायचं. आता सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घरी जाताना बॉयलर अटेंडंट ते मोजून टँकमध्ये टाकतो आणि सकाळी आल्या आल्या आधी ग्राफ बघतो, सुळका अर्ध्यावर आलाय.