अक्षरं मोठी केली की झालं? नाही हो!

‘म्हाताऱ्या माणसांसाठी अ‍ॅप ना, अक्षरं मोठी करा, झालं काम’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धवट आहे.

देवगडात हापूसच्या पेट्यांचे पैसे जमा झाले का, हे बघायला आजोबा फोन उघडतात. चाकरमानी मुलाने गणपतीत येऊन अक्षरं सगळ्यात मोठी करून दिलेली. आता ‘पुढे’चं बटणच स्क्रीनखाली गेलंय आणि वर सरकवलं तर ते दिसेल, याची खूण कुठेच नाही. मग म्हणायचं, म्हाताऱ्यांना जमत नाही!

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं मग मोठी असूनही पुसट दिसतात. म्हणूनच डब्ल्यूसीएजी हे वेब सुलभतेचे निकष साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, मागतात. बटणांसाठी २०२३ च्या आवृत्तीत, काही अपवाद सोडून, किमान २४ बाय २४ पिक्सेल आहेत. राठ, थरथरत्या बोटाला मला तेही तोकडेच वाटतात. वरच्या पातळीचा निकष ४४ चा आहे, तोच धरावा.

आणि अ‍ॅपच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांच्या खुणेखाली ‘मेनू’ एवढं लिहायला काय जातं?