काचबिंदूवरील लेसर उपचार : रुग्णशिक्षण (सांगली–सातारा परिसर)

काचबिंदूच्या रुग्णाला लेसर उपचाराआधी व नंतर द्यावयाची माहिती आणि समुपदेशन. या विकारात डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकत जाते. तिला धोका पोचवणाऱ्या घटकांपैकी उपचाराने बदलता येतो तो डोळ्यातील दाब. लेसरने दाब उतरतो. गेलेली नजर परत येत नाही. हे दुसरे वाक्य रुग्णापर्यंत पोचवणे, हेच या शिक्षणातले सर्वांत अवघड काम.

अडचण नावापासूनच सुरू होते. आयुर्वेदात तिमिर, काच आणि लिंगनाश या एकाच विकाराच्या चढत्या अवस्था मानल्या जातात व त्यांचा संबंध बहुतेक अभ्यासक नेत्रभिंगाच्या गढूळपणाशी, म्हणजे आजच्या मोतीबिंदूशी, जोडतात. अर्धे डोके घुसळल्यासारखी वेदना होणारा सुश्रुतोक्त ‘अधिमंथ’ हा तीव्र काचबिंदूच्या अधिक जवळचा दिसतो. ‘काच’ हा शब्द काचबिंदूकडे कसा आला, याविषयी एकमत नाही. मराठीत ‘काच’ म्हणजे आवळल्याचा त्रासही होतो. त्यावरून दाबाशी नाते लावण्याचा मोह होतो, पण ही लोकव्युत्पत्ती असावी. पाश्चात्त्य नेत्रवैद्यक देशी भाषांत उतरताना जुन्या शब्दाला नवा अर्थ चिकटला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. युरोपातही या दोन विकारांची गल्लत अठराव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत होती. ब्रिसो व मेत्र-जाँ या फ्रेंच वैद्यांनी मोतीबिंदू हा भिंगाचाच विकार असल्याचे दाखवल्यावर ती सुटू लागली. रुग्णाच्या मनात मात्र दोन्ही ‘बिंदू’ अजून शेजारी आहेत.

त्यात यंत्राची भर पडते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही काळाने आलेली ‘जाळी’ (भिंगामागच्या पातळ पडद्यावरचा गढूळपणा) याग नावाच्या लेसरने काढली की लवकरच स्वच्छ दिसू लागते. याच प्रकारच्या लेसरने अरुंद कोनाच्या काचबिंदूत (डोळ्यातील पाणी जेथून निचरते तो कोपरा चिंचोळा असतो तेव्हा) बुबुळाच्या रंगीत पडद्याला सूक्ष्म छिद्र पाडतात. शेजाऱ्याला ‘लेसर मारल्यावर’ दिसू लागले, मला का नाही, हा प्रश्न म्हणून रास्त आहे. त्याचे उत्तर खुर्चीवर बसवण्याआधी दिले पाहिजे.

खुल्या कोनाच्या प्रकारात डोळ्यातील पाण्याच्या निचऱ्याच्या जाळीवर लेसर देतात. आर्गॉन लेसरची पद्धत वाइज व विटर यांनी १९७९ मध्ये मांडली. लॅटिना यांनी १९९० नंतरच्या दशकात विकसित केलेली निवडक पद्धत ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचे, सुमारे ३ नॅनोसेकंदांचे स्पंद वापरते. जाळीला भाजल्याची इजा जवळजवळ होत नाही, त्यामुळे ही पद्धत पुन्हा वापरता येते. ब्रिटनमधील ७१८ रुग्णांच्या चाचणीत (२०१९) सुरुवातीलाच लेसर घेतलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांचा दाब तीन वर्षांनी थेंबांविना आटोक्यात होता. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि वर्षांगणिक तो ओसरू शकतो.

रुग्णाला सांगायचे ते साधे आहे : भूल थेंबांची असते, टाका नसतो, त्याच दिवशी घरी जाता येते, काही तास धूसर दिसेल, डोळा थोडा दुखेल. दाब तात्पुरता चढू शकतो, म्हणून तो तपासूनच सोडतात. चालू थेंब स्वतःहून बंद करू नयेत. लाल डोळ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब विशेष घातक, कारण ते स्वतःच दाब वाढवू शकतात. सख्ख्या भावंडांची व मुलांची तपासणी करावी. दुखत नाही म्हणून डोळा चांगला, असे धरू नये.

सांगली जिल्ह्यात मिरज हे वैद्यकीय सेवेचे जुने केंद्र (वानलेस रुग्णालय, १८९४, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९६२). तेथे उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण येतात व जत तालुक्यात कन्नड बोलणारे बरेच आहेत. म्हणून छापील मराठी सूचनापत्रापेक्षा रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकाला त्याच्या बोलीत समजावणे अधिक उपयोगी. सातारा जिल्ह्यात कराड हे वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र आहे.