टाइप वन आणि लाँग रन: साखर बंद नाही करायची, टायमिंग बघायचं

पोराला टाइप वन मधुमेह (डायबेटीस) निघाला आणि तो पहाटे व्हॅक्सिन डेपोवर पळायला जातो म्हटलं की बेळगावात घरोघरी एकच सल्ला, साखर बंद कर आणि जास्त दमू नको. साखर बंद हा टाइप टू मधुमेहाचा सल्ला आहे हो. टाइप वनमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मारलेल्या असतात, म्हणून इन्सुलिन बाहेरून घ्यायलाच लागतं, आणि लांब पळणाऱ्याला साखर तर लागतेच की.

खरी भानगड टायमिंगची आहे. बाकीच्यांचं स्वादुपिंड पळायला लागल्यावर इन्सुलिन आपोआप कमी करतं, पण एकदा टोचलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही, जेवणाआधीचं फास्टवालं तीन-चार तास काम करत राहतं, लिव्हरला साखर सोडू देत नाही, आणि त्यात पळणारे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातलं ग्लुकोज ओढत असतात. म्हणून पहाटे उपाशी पोटी येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे पळालं तर शुगर सहसा फार पडत नाही, कधी वाढतेसुद्धा, आणि तेच अंतर इडली खाऊन पूर्ण डोस घेऊन तासाभराने पळालं तर अर्ध्या वाटेत हात थरथरायला लागतात. गडाच्या चढावर जोर लावला तर ॲड्रेनलिनमुळे शुगर उलटी चढते, तेव्हा घाबरून लगेच टोचायचं नाही.

नाश्त्यानंतर पळायचं असेल तर त्या वेळचा डोस किती कमी करायचा हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं, प्रत्येकाचा आकडा वेगळा. निघताना रक्तातली शुगर साधारण १२६ ते १८० mg/dL बरी. २७०च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की फॅट जळून रक्तात साचणारी आम्लं) तपासायचे, रक्तातले १.५ mmol/L किंवा जास्त आले तर पळणं कॅन्सल. तासाच्या वर पळणार असाल तर ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्ब (म्हणजे साखर-पिष्ट), एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम येतात.

शुगर ७०च्या खाली गेली की थांबायचं, १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत चेक. इथे आपला बेळगावी कुंदा, दूध आटवून केलेली मिठाई, चालत नाही बरं का! गोड आहे खरा, पण दुधातल्या फॅटमुळे साखर रक्तात सावकाश पोचते, तो घरी आल्यावर हिशोबात धरून खावा. शुगर सतत मोजणारा सेन्सर अंगावर लावला असेल तरी पळताना तो थोडा मागे असतो, लक्षणं वाटली तर बोटातून बघा.

आणि रविवारी लांब पळालात तर रात्र सांभाळा. स्नायू आपला संपलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, भरायला कितीतरी तास साखर ओढत राहतात, त्यामुळे झोपेत शुगर पडू शकते. रात्रीची भाकरी टाळायची नाही, बेसल डोसबद्दल (दिवसरात्र हळूहळू काम करणारं इन्सुलिन) डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं, झोपताना एकदा तपासायचं. पळून झाल्यावर चोर्ल्यातून गोव्याला जाऊन बसायचा प्लॅन असेल तर आणखी जपून, दारू पचवण्यात गुंतलेलं लिव्हर नवीन साखर नीट बनवत नाही, आणि शुगर पडली तरी सोबतच्यांना वाटतं याला चढली.